पॉइंटांचं तिकीट, आदिलाबादचा रस्ता

आदिलाबादला धावपट्टी आहे, विमान नाही. निजामाच्या काळातली ती पट्टी हवाई दलाकडे आहे. २०२५ मध्ये तिथं नागरी विमानतळ करायला हवाई दलानं संमती दिली आणि लगोलग प्लॉट विकणाऱ्यांच्या तोंडी 'एअरपोर्टपासून दहा मिनिटं' आलं. तूर्त तेलंगणातून प्रवासी विमान उडतं ते एकट्या शमशाबादहून, म्हणजे आमच्या घरापासून तीनशेहून अधिक किलोमीटरवरून. नागपूर दोनशेच्या आसपास. नांदेड त्याहून जवळ, पण तिथली विमानसेवा इतक्या वेळा बंद पडून पुन्हा सुरू झाली आहे की तिच्या भरवशावर कुणी लग्नाची तारीख काढत नाही.

तरीही या गावातून सारखं विमानानं जाणारी माणसं आहेत, आणि मी त्यांच्यातली एक. मी इथं कर सल्लागार म्हणून काम करते. मुलगी बेंगळुरूला, आई भावाकडे पुण्याला. नागपूर-बेंगळुरू, हैदराबाद-पुणे ही माझी नेहमीची ये-जा. माझ्याकडे येणारे जिनिंगवाले मुंबईला आणि कोइमतूरला जातात, बियाण्याचे वितरक कंपन्यांच्या बैठकांना जातात, आणि ज्यांची मुलं हैदराबाद-पुण्याच्या आयटीत लागली आहेत ते निवृत्त शिक्षक नातवंडांसाठी जातात. पैनगंगेच्या अलीकडचे असलो तरी आमचे सोयरे पलीकडे यवतमाळ, नांदेड, चंद्रपुरात आणि त्यांची पोरं महानगरांत, अशी ही पसरलेली घरं आहेत.

गेल्या काही वर्षांपासून विवरणपत्राच्या कागदांबरोबर एक नवा प्रश्न माझ्या टेबलावर येऊ लागला आहे. "मॅडम, कोणतं कार्ड घेऊ? पॉइंटांवर विमान फुकट पडतं म्हणतात."

माझं उत्तर ठरलेलं आहे. पॉइंटांनी विमानाचा खर्च कमी होतो, हे खरं. मीही तो कमी करते. पण आदिलाबादसारख्या गावातल्या माणसाचं वर्षाला एखादं तिकीट सुटतं, त्याहून जास्त नाही. तेही महिन्याच्या महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याचंच. बाकीच्यांनी या फंदात पडू नये. आणि बँकांनी या पॉइंटांचं जे गूढ करून ठेवलं आहे, त्यात कुणीतरी आता लक्ष घालायला हवं.

आधी हिशेब मांडते, कारण कार्डाच्या जाहिरातीत तोच नसतो.

समजा एखादं घर महिन्याला तीस हजार रुपये कार्डावर खर्च करतं. मध्यम दर्जाचं प्रवासाचं कार्ड, शंभराला दोन रुपये परत, असं धरू. (हा दर बराच उदार आहे, बहुतेक कार्डं त्याच्या निम्मंही देत नाहीत.) महिन्याचे सहाशे, वर्षाचे सात हजार दोनशे झाले. कार्डाची वार्षिक फी अडीच हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९५०. हाती उरले ४,२५०. आमच्या नागपूर-बेंगळुरूचं साध्या दिवसातलं एका बाजूचं तिकीट साधारण तेवढ्यातच येतं. झालं, वर्षाची कमाई तेवढी.

आता दुसरी बाजू. एक महिना बिल पूर्ण भरलं नाही, तीस हजार तसेच राहिले. व्याज महिन्याला पावणेचार टक्क्यांपर्यंत असतं, म्हणजे ११२५ रुपये. त्या व्याजावर पुन्हा जीएसटी, म्हणजे आणखी दोनशे. दोन महिन्यांचे पॉइंट एका महिन्यात गेले, वर थोडी पदरमोड. शिवाय पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदतही जाते आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. पगारदार माणसालाही हे सांगावं लागतं. बिलावर 'किमान देय' म्हणून जो आकडा ठळक छापलेला असतो, तेवढा भरला की काम झालं, असंच बहुतेकांना वाटतं.

राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये कार्डावरच्या व्याजाला वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला. दर ठरवणं हे रिझर्व्ह बँकेचं काम आहे, आयोगाचं नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबर असेल. व्यवहारात मात्र वर्षाला चाळीस-पंचेचाळीस टक्के व्याज राजरोस चालू आहे. आमच्याकडे एवढा दर लावणाऱ्या सावकाराच्या दारात पोलीस जातात.

माझा भाचा हैदराबादला गच्चीबावलीत नोकरी करतो. तो या विषयातला पंडित. कुठल्या बँकेचे पॉइंट कुठल्या विमान कंपनीत वळवायचे, कुठल्या तारखेला वळवले तर जादा मिळतात, हे त्याला तोंडपाठ. मागच्या वर्षी तो बायकोसह सिंगापूरला बिझनेस क्लासनं जाऊन आला आणि पैसे दिले ते फक्त करांचे. "आत्या, तू पॉइंट वाया घालवतेस," हे त्याचं पालुपद. खोटं बोलत नाही पोरगा. पण मी त्याचं विवरणपत्र भरते, त्यामुळे मला गंमत माहीत आहे. त्याचे हॉटेल, विमान, जेवणखाण हे सगळे कामाचे खर्च त्याच्या कार्डावर होतात आणि कंपनी पैसे परत देते. खर्च कंपनीचा, पॉइंट भाच्याचे. पॉइंटांवर जग फिरल्याच्या ज्या गोष्टी आपण ऐकतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टींच्या मुळाशी असा दुसऱ्याचा पैसा असतो.

आदिलाबादच्या माणसाचा स्वतःचा खर्च कुठं होतो ते पाहा. डिझेल आणि पेट्रोल, ज्यावर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत. घरभाडं, ज्यावर बँकांनी २०२२ पासून एक टक्का शुल्क लावायला सुरुवात केली. सोनं, विमा, सरकारी भरणा. कुठं पॉइंट शून्य, कुठं मर्यादा. भाजी, किराणा, दूध रोखीनं नाहीतर फोनपेनं. बियाणं आणि खत दुकानदाराकडून उधारीवर, हिशेब कापूस विकल्यावर. उरलं काय? मोबाइलचं बिल, ऑनलाइन खरेदी, वर्षातून एखादा फ्रिज. महिन्याला तीस हजार हा मी वर धरलेला आकडासुद्धा इथल्या पुष्कळ घरांना मोठाच आहे.

आणि कार्ड मिळणंही सोपं नाही. माझ्या एका अशिलानं, उत्पन्न चांगलं, कर नियमित, एका मोठ्या खासगी बँकेत अर्ज केला. उत्तर आलं की तुमच्या पिनकोडवर आमची सेवा नाही. ५०४००१ हा जिल्ह्याच्या मुख्यालयाचा पिनकोड आहे. बेला, जैनथ, तामसीच्या लोकांनी मग आशाच सोडावी. शेवटी त्यांनी दुसरीकडे मुदत ठेव ठेवून तिच्यावर कार्ड घेतलं. पगाराची पावती नसलेल्या शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला हाच रस्ता बरा. खर्चाची मर्यादा ठेवीएवढीच राहते, त्यामुळे हातही आखडता राहतो.

एरवी हे कार्ड आमच्या मुलखाला नवं नाही. देशात क्रेडिट कार्ड आणणाऱ्या पहिल्या बँकांमध्ये आंध्र बँक होती, १९८१ साली. २०२० मध्ये ती युनियन बँकेत विलीन झाली. आंध्र बँकेच्या त्या सुरुवातीच्या दिवसांत कार्ड म्हणजे प्रतिष्ठा होती. २०२४ च्या सुरुवातीला देशातल्या कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली आणि मॉलच्या दारात टेबल टाकून बसलेली पोरं ती वाटू लागली.

आता पॉइंट येतात कुठून, ते बघू. आंबेडकर चौकातल्या दुकानात मी हजार रुपयांचं कार्ड ओढलं, तर दुकानदाराच्या खात्यात हजार जात नाहीत. दीड-दोन टक्के कापून जातात. ती कपात माझं कार्ड देणारी बँक, दुकानाला मशीन देणारी बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्यात वाटली जाते. मोठा वाटा माझ्या बँकेचा, आणि त्यातलाच तुकडा ती मला पॉइंट म्हणून देते. उरलेली भर पडते ती बिल थकवणाऱ्यांच्या व्याजातून. म्हणजे माझं बेंगळुरूचं तिकीट काही अंशी त्या दुकानदारानं आणि काही अंशी व्याज भरणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसानं काढलेलं असतं.

दुकानदाराला हे पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तो म्हणतो, "मॅडम, फोनपे करा ना, कार्डाला दोन टक्के वर लागतील." असं जादा मागायला कार्ड कंपन्यांची मनाई आहे, पण मी त्याच्याशी वाद घालत नाही. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क शून्य आहे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायची सोय २०२२ मध्ये झाली. त्यातही छोट्या दुकानदाराला दोन हजारांपर्यंत शुल्क लागत नाही. मोठ्या बिलाला मात्र लागतंच. ते त्यानं स्वतः सोसायचं, नाहीतर मालाच्या भावात घालायचं. भावात घातलं की ते उटनूरहून बाजाराला आलेल्या, रोखीनं खरेदी करणाऱ्या बाईच्याही माथी बसतं.

अमेरिकेत याचा हिशेब झाला आहे. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या तिघा अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये तो मांडला. रोखीनं व्यवहार करणारं सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांना देतं आणि कार्डवालं कुटुंब वर्षाला ११३३ डॉलर मिळवतं, असं त्यांचं अनुमान होतं. यूपीआयमुळे आपल्याकडे हा भार बराच हलका आहे. पण पैशाच्या ओघाची दिशा तीच आहे, खालून वर.

याउलट फुकट प्रवासाचं एक सरळ उदाहरण आमच्या दारात उभं असतं. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून महालक्ष्मी योजना आहे. राज्यातल्या बायकांना पल्लेवेलुगू आणि एक्स्प्रेस बसमध्ये तिकीट नाही. आधार दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. आदिलाबादहून हैदराबादच्या जुबिली बसस्थानकापर्यंत मी अशी गेले आहे. तिथून शमशाबादला पुष्पक बस, तिचे पैसे पडतात. नागपूरच्या बाजूनं जायचं तर ही सवलत पैनगंगेपर्यंत; पूल ओलांडला की महाराष्ट्र. या योजनेवर टीका करणारे पुष्कळ आहेत, रिक्षावाल्यांचं नुकसान झालं आहे, गर्दीत उभं राहून कंबर मोडते, सगळं मान्य. पण तिचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो आणि विधानसभेत त्यावर प्रश्न विचारता येतो. पॉइंटांच्या फुकटेपणाला असा जाब विचारायची जागाच नाही.

हा रस्त्याचा विषय निघाला तर तोही हिशेबात धरा. महानगरातला माणूस पॉइंटांवर तिकीट काढतो तेव्हा त्याचा प्रवास स्वस्त होतो. माझ्या प्रवासात विमान हा मधला तुकडा. पहाटेच्या विमानासाठी नागपूरच्या सोनेगावला टॅक्सी करायची तर चार-पाच हजारांच्या खाली कुणी येत नाही, कारण परतीची रिकामी गाडीही आपल्याच खिशातून. पांढरकवडा, हिंगणघाट, बुटीबोरी करत साडेतीन-चार तास. पॉइंटांनी वाचवलेलं तिकीट टॅक्सीत जातं. त्यामुळे मी आता विमानाची वेळ पाहून तिकीट काढते, भाव नंतर पाहते. दुपारचं विमान पाचशे रुपयांनी महाग असलं तरी सकाळच्या बसनं जाता येतं, आणि ती बचत वर्षभराच्या पॉइंटांना भारी पडते. हे कुठलंच कार्ड सांगणार नाही, कारण त्याला आदिलाबाद माहीत नाही.

आता माझा खरा राग कशावर आहे ते सांगते.

पॉइंटाला ठरलेली किंमत नाही. एकाच कार्डाचा एकच पॉइंट, बिलात वळता केला तर वीस-तीस पैसे, वस्तू घेतली तर पन्नास, बँकेच्याच संकेतस्थळावरून विमानाचं तिकीट काढलं तर कधी रुपयापर्यंत. बरं, त्या संकेतस्थळावरचा तिकिटाचा भाव विमान कंपनीच्या स्वतःच्या भावापेक्षा चढा आहे का, ते आपणच ताडून बघायचं. त्यावर पुन्हा वळते करण्याचं शुल्क, त्यावर जीएसटी. तिकिटातले कर आणि विमानतळाचं शुल्क बहुधा रोखच. माझ्यासारख्या आकडेमोडीवर पोट भरणाऱ्या बाईला हे समजून घ्यायला कागद-पेन्सिल लागते, तर निवृत्त शिक्षकांनी काय करायचं? ते मिक्सर घेऊन मोकळे होतात. बँकेलाही तेच हवं असतं.

त्यातून हे नियम बदलतात. अॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. महिन्याला एक लाख खर्च केले की २५ हजार पॉइंट जादा, अशी त्याची ख्याती होती. १ सप्टेंबर २०२३ पासून ती सवलत बंद झाली. विमान कंपन्यांकडे वळवताना पूर्वी पाच पॉइंटांचे चार मैल मिळायचे, ते सामान्य कार्डधारकाला पाचाचे दोन झाले. म्हणजे साठवलेल्या पॉइंटांची प्रवासातली किंमत निम्म्यावर आली. बँकेनं आगाऊ कळवलं होतं, नियमभंग काही झाला नाही. माझा आक्षेप नियमावरच आहे. कापसाच्या सरकारी खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला की गाडी परत. शेतकरी चिडतो, पण यंत्र त्याच्या डोळ्यांसमोर कापसात खुपसलं जातं आणि कपातीचा दर हंगामाआधी जाहीर असतो. घरात येऊन पडलेल्या पैशाची किंमत कुणी मागाहून अर्धी करत नाही. पॉइंटांचं मात्र तसं होऊ शकतं.

विमान कंपनीच बुडाली तर प्रश्नच मिटला. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली तेव्हा तिच्या किंग क्लबात साठवलेले मैल कागदावरच राहिले. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला जमिनीवर आली; तिचा जेटप्रिव्हिलेज हा कार्यक्रम वेगळ्या कंपनीत होता म्हणून तो नाव बदलून काही काळ तगला. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. विस्ताराचे पॉइंट तेवढे नशीबवान. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी एअर इंडियात विलीन झाली आणि पॉइंटही तिकडे गेले. इंडिगोकडे कित्येक वर्षं असा कार्यक्रमच नव्हता, तो ब्ल्यूचिप या नावानं २०२४ मध्ये आला. दोन कंपन्यांनी आकाश वाटून घेतलं आहे, तेव्हा गिऱ्हाइकाला खूश ठेवायची त्यांना कितपत घाई असणार?

म्हणून पॉइंट साठवू नयेत, असं माझं मत आहे. भाचा साठवतो. तीन वर्षं जमवून एकदम परदेशी जायचं हा त्याचा शौक. मी साठवते ते फक्त एका तिकिटापुरते, आणि ते अडचणीसाठी. आई आजारी पडली, संध्याकाळी फोन आला, उद्या पुणं गाठायचं. अशा वेळी चार हजारांचं तिकीट दहा हजारांवर गेलेलं असतं. काही विमान कंपन्यांमध्ये पॉइंटांचा भाव रोख भावाइतका झपाट्यानं चढत नाही. तिथं पॉइंट लावले तर त्यांची किंमत दुप्पट वसूल होते. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणं घाऊक रद्द झाली आणि भाडी इतकी भडकली की सरकारला कमाल मर्यादा बांधावी लागली. अशा आठवड्यात दुसऱ्या कंपनीचे पॉइंट हाताशी असलेला माणूस सुखी. लाउंजमध्ये दोन रुपयांत इडली खायला मिळते म्हणून कार्ड घेणाऱ्यांना मात्र मी आता सांगते की ते दिवस सरत आले. बहुतेक बँकांनी आधीच्या तिमाहीत अमुक हजार खर्च करा, मगच आत या, अशी अट घातली आहे. इडलीसाठी कुणी पन्नास हजारांची खरेदी करतं का? करतात हो. विवरणं बघते ना मी.

विवरणांवरून आठवलं, एक धोका माझ्या धंद्यातला, जो कार्डाचे पंडित सांगत नाहीत. पॉइंटांसाठी लोक दुसऱ्याचे खर्च आपल्या कार्डावर घेतात. मेहुण्याचा टीव्ही, मित्राच्या दुकानाचा माल, आणि तो पैसे रोख देतो. इथले एक शिक्षक, पगार सात लाखांच्या आसपास, यांनी एका व्यापारी मित्राची खरेदी वर्षभर आपल्या कार्डावर केली. एका वर्षात कार्डाची बिलं दहा लाख किंवा अधिक भरली, किंवा त्यातली लाखभर किंवा अधिक रोखीनं भरली, की बँकेला ते आयकर खात्याला कळवावंच लागतं. ती नोंद तुमच्या वार्षिक माहिती पत्रकात येऊन बसते. उत्पन्न सात लाख आणि कार्डाचं बिल त्याच्या दीडपट, मग खात्यानं विचारायचं नाही तर काय? सरांकडे चिठ्ठीसुद्धा नव्हती. खुलासा देता देता त्यांची झोप उडाली आणि पॉइंट मिळाले ते एका तिकिटापुरते. कार्ड ओढून रोख देणाऱ्या दुकानांच्या वाटेला तर जाऊच नका. तिथं दुकानदाराचे दोन टक्के जातात, बँकेला संशय आला तर कार्ड बंद होतं आणि पॉइंटही गोठतात.

रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२२ च्या निर्देशांत काही चांगल्या गोष्टी केल्या आहेत. न मागता कार्ड माथी मारता येत नाही. कार्ड बंद करायला सांगितलं आणि थकबाकी नसेल, तर सात कामाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं. नाही केलं तर दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला. हे मी माझ्या अशिलांना तोंडपाठ करून घ्यायला लावते, कारण एकदा कार्ड घेतलं की ते सोडताना फोनवरची ताई फार गोड बोलते.

याच धर्तीवर पॉइंटांसाठी दोन गोष्टी व्हायला हव्यात. एक, दर महिन्याच्या बिलावर शिल्लक पॉइंटांची रुपयांतली किमान किंमत छापावी. जास्तीत जास्त नको, किमान. आणि तिच्याशेजारीच त्या वर्षी घेतलेली फी आणि व्याज. दोन, दर बदलायचा तर पुढं मिळणाऱ्या पॉइंटांचा बदलावा. आधी मिळवलेले निदान एक वर्ष जुन्याच दरानं वापरू द्यावेत. यात बँकांचं दिवाळं निघणार नाही. मोठ्या शहरातल्या पंडितांना याची गरज नसेलही, ते आपापला मार्ग काढतात. गरज आहे ती जाहिरात वाचून पहिलं कार्ड घेणाऱ्या माणसाला.

तोवर आदिलाबाद, किनवट, पांढरकवड्याच्या वाचकांना माझं एवढंच सांगणं. कार्डाचं बिल खात्यातून पूर्ण रकमेनं आपोआप कापलं जाईल अशी सूचना बँकेला आधी देऊन ठेवा. 'किमान देय' आणि 'पूर्ण देय' असे दोन पर्याय असतात, दुसरा निवडला आहे ना ते स्वतः पाहा. एकच कार्ड ठेवा, फी माफ होण्याची अट वाचा, आणि त्या अटीसाठी एक रुपयाही जादा खर्च करू नका. वर्षअखेरीस पॉइंटांची किंमत आणि भरलेली फी एका कागदावर मांडा. फी जास्त निघाली तर त्याच दिवशी कार्ड बंद करायचा अर्ज टाका आणि पोच जपून ठेवा.